अँकाचा रिपोर्ट हाती आल्यावर

रिपोर्टवर ‘पी-अँका पॉझिटिव्ह’ किंवा ‘सी-अँका पॉझिटिव्ह’ असं छापून आलं असेल, तर मोबाइलवर काही शोधण्याआधी एक काम करा. सकाळची ताजी लघवी जवळच्या लॅबमध्ये द्या आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. लघवीत तांबड्या पेशी किंवा प्रथिनं आहेत का आणि क्रिएटिनिन तुमच्याच जुन्या रिपोर्टपेक्षा वाढलं आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मिळतात. पुढे किती घाई करायची हे त्या उत्तरांवरून ठरतं. अँकाचा रिपोर्ट कितीही महाग असला तरी हे तो एकटा सांगू शकत नाही.

अँकाची तपासणी उपयोगाची आहे, अनेकदा जीव वाचवणारी आहे. पण रुग्णाच्या तक्रारी, लघवी, छातीचा फोटो आणि गरज पडली तर बायोप्सी यांच्या सोबतीनं वाचली तरच. या सोबतीशिवाय वाचलेला पॉझिटिव्ह रिपोर्ट माणसाला नसलेल्या आजाराच्या औषधांवर नेऊन ठेवू शकतो, आणि तसाच वाचलेला निगेटिव्ह रिपोर्ट असलेला आजार दडवू शकतो.

तपासणी नेमकं काय शोधते

शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटली की त्यांच्या भिंती सुजतात, काही ठिकाणी फुटतात, काही ठिकाणी बंद होतात. या आजारांच्या गटाला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. गट मोठा आहे. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या तीन आजारांत रक्तात एका विशिष्ट प्रकारच्या अँटिबॉडी सापडतात, त्यांचं आद्याक्षरांनी बनलेलं नाव अँका. आपल्याच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या आतल्या प्रथिनांविरुद्ध त्या तयार झालेल्या असतात.

ते तीन आजार असे. नाक, सायनस, कान, फुप्फुस आणि किडनी यांना धरणारा जीपीए. जुन्या फायलींत आणि ज्येष्ठ डॉक्टरांच्या तोंडी तो अजून ‘वेगनर’ असतो. मुख्यतः किडनी आणि फुप्फुसांवर घाव घालणारा एमपीए. आणि दम्याबरोबर, इओसिनोफिल पेशी वाढवून येणारा ईजीपीए, म्हणजे पूर्वीचा चर्ग-स्ट्रॉस. फाइलमध्ये जुनं नाव आणि नव्या चिठ्ठीवर दुसरंच नाव दिसलं तर दोन आजार झाले असं समजू नका.

१९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी किडनीला सूज आलेल्या काही रुग्णांत या अँटिबॉडी प्रथम नोंदवल्या. १९८५ मध्ये नेदरलँड्स आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी त्यांचा वेगनरच्या आजाराशी संबंध दाखवला. त्याआधी निदान व्हायचं ते बायोप्सीवर, नाहीतर शवविच्छेदनात. औषधं नव्हती त्या काळातला, १९५८ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा सांगतो की आजार ओळखल्यानंतर रुग्ण सरासरी पाच महिने जगत आणि ८२ टक्के वर्षाच्या आत दगावत. आज वेळेवर उपचार झाले तर बहुसंख्य रुग्णांचा आजार आटोक्यात येतो आणि ते कामाधंद्याला लागतात. म्हणूनच योग्य माणसाची तपासणी योग्य वेळी होण्याला एवढं महत्त्व आहे.

प्रयोगशाळेत ही तपासणी दोन रीतींनी होते. पहिल्या रीतीत काचपट्टीवर चिकटवलेल्या न्यूट्रोफिल पेशींवर रुग्णाच्या रक्ताचा पाणीदार भाग, म्हणजे सीरम, टाकतात आणि चमकणारा रंग जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशीचा केंद्रकाबाहेरचा सगळा भाग हिरवा चमकला तर सी-अँका. केंद्रकाभोवतीच चमक गोळा झाली तर पी-अँका. इथे पाहणाऱ्याची नजर आणि अनुभव दोन्ही लागतात. शिवाय ल्युपससारख्या आजारांत आढळणाऱ्या एएनए अँटिबॉडी हुबेहूब पी-अँकासारख्या दिसू शकतात. दुसऱ्या रीतीत थेट दोन प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी मोजतात: पीआर-३ आणि एमपीओ. साधारणपणे सी-अँकाची जोडी पीआर-३ शी आणि जीपीएशी जमते, पी-अँकाची एमपीओ आणि एमपीएशी. पण ही जोडी प्रत्येक वेळी जमतेच असं नाही.

१९९९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार आधी चमक पाहायची आणि मग प्रथिनं मोजायची, असा क्रम होता. २०१७ मध्ये तो बदलला. चांगल्या दर्जाच्या पद्धतीनं पीआर-३ आणि एमपीओ हीच पहिली तपासणी करावी, असं तज्ज्ञांच्या गटानं ठरवलं. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. चिठ्ठीवर नुसतं ‘अँका’ लिहिलं असेल तर डॉक्टरांना विचारा, ‘पीआर-३ आणि एमपीओ दोन्ही मोजायच्या आहेत ना?’ आणि हातातल्या रिपोर्टवर नुसतं ‘पी-अँका पॉझिटिव्ह’ असेल, त्यापुढे या दोन नावांचा उल्लेखच नसेल, तर तो रिपोर्ट अर्धा आहे.

कुणी करावी, कुणी करू नये

अंगदुखी, थकवा, सांधे आखडणे, नुसतं अंगावर पित्त उठणे, एवढ्यासाठी अँका करू नये. ‘सगळ्याच अँटिबॉडी एकदा बघून घेऊ’ असं म्हणून केलेल्या पॅनेलमधून जितकी उत्तरं मिळतात त्याहून अधिक घोटाळे जन्माला येतात. हिशेब करून पाहा. समजा, केवळ सांधे दुखतात म्हणून १००० जणांची अँका केली. आजार एवढा विरळा आहे की त्यांत तो असलाच तर एखाद्याला असेल. तपासणी शंभरातल्या फक्त तीन निरोगी माणसांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते असं धरलं, तरी तीस जण घाबरून घरी जाणार आणि त्या एकाचा शोध त्या तीसांत हरवणार.

उलट काही चिन्हं अशी आहेत की ती दिसली तर अँका करायलाच हवी, आणि लवकर. लघवीत रक्त आणि प्रथिनं जाऊन क्रिएटिनिन आठवड्या-आठवड्याला चढत असेल. बेडक्यातून रक्त पडत असेल, त्याबरोबर दम लागत असेल आणि हिमोग्लोबिन उतरत असेल. फुप्फुसात गाठी किंवा पोकळ्या दिसत असून जंतू सापडत नसतील. महिनोन्महिने सर्दी न हटता नाकात रक्ताळ खपल्या धरत असतील, वरचेवर घोळणा फुटत असेल, नाकाचा दांडा खचत चालला असेल. मोठ्या वयात पहिल्यांदाच कान वाहू लागले किंवा गच्च झाले आणि कानाच्या नेहमीच्या औषधांनी उतार पडत नाही. डोळा लालभडक होऊन आत खोल ठणका लागतो. नडगीवर, पावलावर जांभळट ठिपके उठतात आणि बोटानं दाबले तरी फिके होत नाहीत. चालताना एका पायातली चप्पल निसटते, कारण पाऊल उचललंच जात नाही, आणि काही दिवसांनी दुसऱ्या बाजूच्या हाताचं मनगट लुळं पडतं.

यातली एकच गोष्ट असेल तर दुसरी कारणंही पुष्कळ असतात. पण नाकाचा त्रास, नंतर खोकला, नंतर लघवीत रक्त, अशी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे वाटली गेलेली दुखणी एकाच माणसात असतील तर ती एका कागदावर तारखांसह लिहून काढा. कान-नाक-घसा तज्ज्ञाला किडनीचं ठाऊक नसतं, छातीच्या डॉक्टरांना पायाचं. हे आजार उशिरा ओळखले जाण्यामागे ही वाटणी मोठं कारण आहे. ती मोडण्याचं काम रुग्ण किंवा घरचं माणूस कुणापेक्षाही चांगलं करू शकतं.

किडनीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण ती दुखत नाही. या आजारात किडनीतल्या गाळण्या काही दिवसांत, काही आठवड्यांत निकामी होऊ शकतात आणि रुग्णाला फक्त ‘गळून गेल्यासारखं’ वाटतं. लघवीचा रंग काळ्या चहासारखा होणं, तिला फेस येऊन तो टिकणं, पावलांवर सूज येणं, ही उशिराची लक्षणं. त्याआधीच लघवीच्या साध्या तपासणीत तांबड्या पेशी दिसू लागतात. लॅबमध्ये नमुना ताजा द्या. तासन्‌तास ठेवलेल्या लघवीत पेशी विरघळतात. स्त्रियांनी पाळीच्या दिवसांत ही तपासणी टाळावी, किंवा निदान तसं सांगावं. आकडा वाचताना छापील मर्यादेपेक्षा स्वतःचा जुना आकडा पाहावा. गेल्या वर्षी क्रिएटिनिन ०.७ होतं आणि आज १.२ आहे, तर काही लॅबच्या मर्यादेत ते ‘नॉर्मल’ बसेल, पण तुमच्यासाठी ते नॉर्मल नाही. जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका, असं मी प्रत्येकाला कळकळीनं सांगेन.

नमुना देताना

उपाशीपोटी जावं लागत नाही. शिरेतून थोडं रक्त घेतात, बस. तालुक्याच्या गावातून नमुना बहुधा मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबकडे जातो आणि रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. क्रिएटिनिन झपाट्यानं चढतंय किंवा थुंकीतून रक्त पडतंय अशा वेळी त्या रिपोर्टची वाट पाहत घरी थांबू नये. डायलिसिसची आणि किडनी बायोप्सीची सोय असलेल्या रुग्णालयात आधी दाखल व्हावं, रिपोर्ट मागून येईल. डॉक्टर रिपोर्टच्या आधीच स्टिरॉइड सुरू करतात म्हणून पुष्कळ नातेवाईक अस्वस्थ होतात. अशा तातडीच्या प्रसंगी तसं करणं बरोबर असतं. एक-दोन दिवसांच्या स्टिरॉइडनं रक्तातल्या अँटिबॉडी नाहीशा होत नाहीत, त्यामुळे तपासणी वाया जात नाही. मात्र रक्तातला प्लाझ्मा बदलण्याचा उपचार ठरला असेल तर नमुना त्याच्या आधी काढलेला असावा, कारण त्या उपचारात अँटिबॉडीच काढून टाकतात.

याच वेळी सहसा अँटी-जीबीएम ही आणखी एक अँटिबॉडी, एएनए, सी-३ व सी-४ ही रक्तातली प्रथिनं, आणि कावीळ ‘बी’, कावीळ ‘सी’ व एचआयव्हीच्या तपासण्याही सांगतात. एवढं रक्त कशाला, असा प्रश्न पडतो. यातली प्रत्येक तपासणी अँकाच्या आजारांसारखंच चित्र उभं करणाऱ्या दुसऱ्या एखाद्या आजाराला बाजूला काढण्यासाठी, किंवा पुढची औषधं सुरक्षितपणे देता यावीत म्हणून असते.

पॉझिटिव्ह, पण आजार दुसराच

आपल्याकडे यातला सगळ्यात मोठा चकवा क्षयाचा आहे. संध्याकाळी चढणारा ताप, घटणारं वजन, खोकला, थुंकीत रक्त, फुप्फुसात पोकळी, वाढलेला ईएसआर: हे वर्णन टीबीचं आहे आणि जीपीएचंही. दोन्हींच्या बायोप्सीत ग्रॅन्युलोमा नावाच्या गाठी दिसू शकतात. त्यात भर म्हणजे काही टीबी रुग्णांतही अँका पॉझिटिव्ह येते. चूक दोन्ही दिशांनी होते आणि दोन्हींकडे किंमत जबर असते. टीबी असताना अँकाच्या भरवशावर नुसतं स्टिरॉइड दिलं तर टीबी उसळतो. जीपीए असताना टीबीची औषधं महिनोन्महिने चालू राहिली तर तेवढ्या काळात किडनी जाते.

म्हणून जंतूचा पुरावा मागा. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते. थुंकी पडत नसेल तर दुर्बिणीतून फुप्फुसातला नमुना घेता येतो. जंतू सापडला तर प्रश्न मिटला. जंतू न सापडता केवळ एक्स-रेवर टीबीचा उपचार सुरू झाला असेल आणि काही आठवड्यांनीही ताप, खोकला, पोकळ्या जागच्या जागी असतील, तर डॉक्टरांना सरळ विचारा: ‘लघवी तपासायची का? अँका करायची का?’ टीबीची औषधं मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

दुसरा चकवा हृदयाच्या झडपांवरच्या जंतुसंसर्गाचा. संधिवाती तापानं लहानपणी झडप बिघडलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्या झडपेवर जंतू बसले की ताप येतो, पायांवर पुरळ उठतं, किडनी सुजते आणि पीआर-३ अँटिबॉडीही पॉझिटिव्ह येऊ शकते. इथे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घातक ठरतील. लागतात ती अँटिबायोटिक्स. झडपेचा त्रास, झडपेची शस्त्रक्रिया, न हटणारा ताप, यांपैकी काही असेल तर ते आवर्जून सांगा. रक्ताचं कल्चर आणि हृदयाची सोनोग्राफी झाल्याशिवाय निदान पक्कं मानू नका.

औषधांमुळेही अँका येते. थायरॉइड जास्त काम करत असताना दिलं जाणारं प्रोपिलथायोयुरॅसिल, रक्तदाबासाठीचं हायड्रॅलाझिन, मुरुमांसाठीचं मिनोसायक्लिन ही त्यातली ठळक नावं. पीआर-३ आणि एमपीओ दोन्ही एकाच वेळी पॉझिटिव्ह आल्या, किंवा एमपीओचा आकडा फारच वर असला, तर औषधांची यादी पुन्हा तपासावी. डॉक्टरांकडे जाताना चालू आणि गेल्या वर्षभरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालूनच न्यावीत. नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

आतड्याला व्रण पडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि यकृताचे काही स्वयंप्रतिकार आजार यांतही पी-अँकासारखी चमक दिसते. तिथे पीआर-३ आणि एमपीओ बहुधा निगेटिव्ह असतात, आणि ही चमक म्हणजे व्हॅस्क्युलायटिस नव्हे.

निगेटिव्ह, पण आजार आहे

जीपीए आणि एमपीएच्या सुमारे दहा टक्के रुग्णांत अँका निगेटिव्ह येते. आजार नाक-सायनसपुरताच असेल तर हे प्रमाण आणखी वाढतं. ईजीपीएमध्ये तर निम्म्याहून अधिक रुग्ण निगेटिव्ह असतात. तिथे रक्ताच्या साध्या मोजणीतल्या इओसिनोफिलकडे पाहावं लागतं. मोठ्या वयात सुरू झालेला दमा, नाकातले कोंब आणि खूप वाढलेले इओसिनोफिल ही खूण. अर्थात आपल्याकडे जंत आणि हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमीही इओसिनोफिल वाढवतात, तेव्हा तेही तपासून बाजूला काढावे लागतात.

आणि व्हॅस्क्युलायटिसच्या मोठ्या गटातल्या बाकीच्या आजारांशी अँकाचा संबंधच नाही. भारतात तरुण स्त्रियांना होणारा ताकायासू हा महारोहिणीचा आणि तिच्या मोठ्या फांद्यांचा आजार घ्या. त्याची कोणतीही रक्ततपासणी नाही. एका हाताची नाडी लागत नाही, काम करताना एक हात लवकर दुखून येतो, दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक पडतो, यावरून तो सुचतो आणि अँजिओग्राफीनं पक्का होतो. तिशीतल्या बाईचा रक्तदाब वाढलेला असेल तर तो दोन्ही हातांवर मोजायला सांगा. यंत्र तेच, वेळ दोन मिनिटांचा. लहान मुलांत पायांवर पुरळ, पोटदुखी आणि सांधेदुखी घेऊन येणारा आयजीए व्हॅस्क्युलायटिस, मध्यम रक्तवाहिन्यांचा पॉलिआर्टेरायटिस नोडोसा, यांतही अँका निगेटिव्हच असते. ‘अँका निगेटिव्ह, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस नाही’ असं कुणी म्हटलं तर तो निष्कर्ष स्वीकारू नका.

बायोप्सीची भीती

चित्र स्पष्ट असूनही डॉक्टर किडनी, फुप्फुस, कातडी किंवा नाकाचा तुकडा काढायला सांगतात तेव्हा घरात ‘रिपोर्ट आलाय ना, मग आणखी कापाकापी कशाला’ अशी चर्चा होते. तुकडा दोन गोष्टी सांगतो ज्या रक्त सांगत नाही. आजार खरोखर हाच आहे का, आणि जे नुकसान झालं आहे त्यातलं भरून येण्यासारखं किती. गाळण्यांना ताजी सूज असेल तर जोरकस उपचारांना अर्थ आहे. सगळीकडे जुने वण असतील तर तीच औषधं त्रास जास्त देतील आणि फायदा कमी. किडनीची बायोप्सी तेवढ्या जागेपुरती भूल देऊन, सोनोग्राफीवर पाहत सुईनं करतात. रक्तस्रावाचा धोका असतो म्हणून नंतर पडून राहायला सांगतात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी थांबवतात. तुम्ही अशा गोळ्या घेत असाल तर विचारण्याची वाट न पाहता सांगा. पुढे दुसऱ्या रुग्णालयात जायचं झालं तर बायोप्सीचे ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. त्यांच्यावरून दुसरं मत घेता येतं, पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.

खर्चाचा प्रश्न खरा आहे आणि त्याची लाज वाटून घेऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. कोणता भाग योजनेत बसतो हे दाखल होतानाच त्यांना विचारा. पैसे मोजकेच असतील तर लघवी, क्रिएटिनिन, पूर्ण रक्तमोजणी, छातीचा फोटो आणि पीआर-३ व एमपीओ यांना प्राधान्य द्या. अँटिबॉडींचं लांबलचक पॅनेल मागे ठेवलं तरी चालेल.

उपचार सुरू झाल्यावर

स्टिरॉइडसोबत रिटक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड दिलं जातं. रिटक्सिमॅबच्या आधी कावीळ ‘बी’ तपासलेली असणं अत्यावश्यक आहे. दबलेला विषाणू त्यानं जागा होऊ शकतो. सायक्लोफॉस्फमाइडमुळे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा तरुण रुग्णांनी, स्त्री असो वा पुरुष, पहिला डोस घेण्यापूर्वी हा विषय स्वतः काढावा. घाईच्या दिवसांत तो राहून जातो.

मग सुरू होतो आकड्याचा ध्यास. दर दोन महिन्यांनी अँका करायची, आकडा उतरला की पेढे, चढला की झोप उडाली. उपचारांनी अँका पुष्कळदा उतरते, पण काहींची आजार शांत असूनही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. केवळ आकडा वाढला म्हणून औषध वाढवू नये, यावर तज्ज्ञांचं एकमत आहे. वाढलेला आकडा एवढंच सांगतो की लघवी आणि क्रिएटिनिन जरा लवकर लवकर पाहावं. आकड्यांची तुलना करायचीच तर एकाच लॅबचे, एकाच पद्धतीचे रिपोर्ट शेजारी ठेवा. वेगवेगळ्या लॅबची एककं आणि मर्यादा जुळत नाहीत, एकीकडचे ४० आणि दुसरीकडचे ८० यांत काहीच फरक नसू शकतो. पीआर-३ असलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण एमपीओवाल्यांपेक्षा जास्त असतं, म्हणून तुमची अँटिबॉडी कोणती हे पाठ असू द्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

या औषधांवर असताना ताप आला, तर तो आजार उलटल्याचा की संसर्गाचा, हे अँका सांगत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पांढऱ्या पेशींची मोजणी, लघवी आणि छातीचा फोटो करून घ्या. आणि स्टिरॉइडची गोळी एकदम बंद करू नका, उलट्या होऊन ती पोटात ठरत नसेल तर इंजेक्शनसाठी रुग्णालय गाठा.